काळ्या पाण्यावरची आते

"तुमी बघलात?"

हे विचारताना आते हातातला कोयता गडग्यावर टेकवायची. गडगा म्हणजे आमच्याकडची दगडांची बुटकी कुंपणभिंत. टेकवण्यात धमकी अशी नसायची, पण समोरचा माणूस उत्तर देताना कोयत्याकडेच बघायचा.

गावात एकदा कीर्तनकार बुवा आले होते. त्यांनी नरकाचं वर्णन असं रंगवलं की पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाशी धरून बसल्या. उकळत्या तेलाच्या कढयांपर्यंत बुवा पोचले आणि आते उठून उभी राहिली. "बुवानूं, तुमी बघलात?" बुवा म्हणाले, शास्त्रात आहे. "शास्त्रात आसा तां माका ठावक आसा. मी तुमका इचारतंय." बुवांचं कीर्तन त्या दिवशी लवकर संपलं. आते मात्र शेवटपर्यंत बसली आणि आरती सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणाली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं खरं असतं आणि म्हणूनच ती कोणाला नको असतात. मला तर ती मुळीच आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा अजून महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं आणि आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी पिंगुळीचा. मालवणच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात हायस्कुलावर भूगोल शिकवायला लागलो होतो. शाळेला स्वतःची इमारत नव्हती. वरचे दोन वर्ग भाड्याच्या घराच्या ओटीवर भरत, आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत मी राहत असे. ओटीची खिडकी उघडली की समोर गडगा आणि गडग्यापलीकडे आतेची परसबाग. म्हणजे वर्गात ती आणि घरी आलो तरी तीच.

दिसायला किडकिडीत, काळी, ताठ. विधवा होती, पण केस राखलेले. पायात पुरुषाचे चामडी बूट, तेही तिला मोठे, पुढे चिंध्या कोंबून घातलेले. बायकांनी चपला घालणंसुद्धा ज्या गावाला खपत नव्हतं तिथे ही बूट वाजवत देवळापर्यंत जायची आणि पायरीशी ते जोडीने नीट लावून ठेवायची. कावळ्यांना हाकलताना हिंदुस्थानीत शिव्या द्यायची. एकादशीला सगळं गाव रताळी खायचं. आतेच्या घरी कोणी प्रसादाची रताळी नेऊन दिली तर ती सरळ गोठ्यात म्हशीपुढे टाकायची, नेणाऱ्याच्या देखत.

गावाचा राग याच्याही पुढचा होता. ती कोणाच्याही घरी पाणी प्यायची आणि कोणालाही आपल्या चुलीपर्यंत येऊ द्यायची. देवळाच्या मानकऱ्यांनी तिला एकदा यावरून टोकलं. तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्या थंय जात इचारूची झाली तर आधी आपली सांगूची लागा. तां कोणाक परवडणारां नव्हतां."

तिचं 'थंय' म्हणजे अंदमान. नऊ वर्षांची असताना ती बापाबरोबर तिकडे गेली. बाप तिथे वॉर्डर होता. तिचं लग्न तिकडेच झालं, नवरा तिकडेच गेला. लढाई संपल्यावर ती एक ट्रंक घेऊन परत आली. तिच्या भावाची बायको तेव्हा नुकतीच वारली होती. भाऊ मुंबईला गिरणीत होता आणि त्याची मुलगी सुलू चार-पाच वर्षांची. आतेने तिला वाढवलं. गावाने तिला नाव ठेवलं, काळ्या पाण्यावरची आते. समोर नुसतं 'आते' म्हणत आणि पाठीमागे पूर्ण नाव घेत. तिचा नवरा कैदी होता, खुनी होता, असं जो तो खात्रीने सांगायचा. ती कधी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

माझं-तिचं बिनसलं ते एका धड्यावरून. अंदमान-निकोबारचा धडा जेमतेम अर्ध्या पानाचा. मी फळ्यावर स्थान, हवामान, लोक, उत्पन्न, इतिहास असे मथळे घातले आणि मोठ्याने वाचत मुलांना उतरवून देऊ लागलो. बेटे डोंगराळ असून पाऊस फार. लोक रानटी. उत्पन्न लाकूड व नारळ. पूर्वी येथे भयंकर गुन्हेगारांस ठेवीत. एवढ्यात खिडकीच्या कठड्यावर कोयता टेकला.

"मास्तर, तुमी बघलात?"

मुलं फिस्सकन हसली. मी म्हणालो, बाई, हे पुस्तकात आहे. त्यावर तिने माझ्याकडे पाठ केली नाही इतकंच. ती मुलांशी बोलू लागली. तिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतात, नदी म्हणावी अशी नदी नाही, म्हणून एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरींवर भांडणं होतात. पडौक नावाचं झाड असतं, त्याचं लाकूड आतून रक्तासारखं लाल. ते ओढायला हत्ती आणि कापायला बेटावर मोठी गिरणी. भात, मीठ, काडेपेटी सगळं बोटीने यायचं, आणि बोट चुकली की सगळ्या बेटाची चूल एकदम मंद व्हायची. शिक्षा नीट भोगली तर कैद्यांना जमीन मिळायची, ते गाय घ्यायचे, लग्न करायचे. बंगाली, पठाण, मद्रासी, मलबारी यांची पोरं एकाच गल्लीत वाढायची आणि सगळी हिंदुस्थानी बोलायची. रानातले लोक, म्हणाली, आपल्या रानात राहतात, दुसऱ्याच्या रानात शिरत नाहीत, मग रानटी कोण? आपला नवरा तिथल्या इस्पितळात कंपाउंडर होता हेही तिने त्यात सांगितलं.

मुलं पेन्सिली खाली ठेवून ऐकत होती. माझ्या तासाला ती कधी अशी बसली नव्हती. मी उठलो आणि तिच्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

त्याचं फळ मला वर्षभर मिळालं. हिमालय शिकवू लागलो की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, सर, तुम्ही बघितलात? आफ्रिका, तेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेच. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. ते तिला समज द्यायला गेले आणि दोन पिकलेल्या पपया घेऊन परत आले. मला म्हणाले, खिडकी उघडी ठेवत जा हो, मुलांना उकडतं.

मी खिडकी उघडली नाही. जाता-येता ती दिसली की मी दुसरीकडे बघायचो. तीही माझ्याकडे बघून थुंकल्यासारखं करायची. असे आम्ही तीन वर्षं शेजारी राहिलो.

सुलू तोवर सतरा-अठराची झाली होती. शांत मुलगी, अक्षर सुरेख. वर्गात आतेची नक्कल झाली की ती खाली मान घालून बसायची, पण कधी रडली नाही. तिच्यासाठी कुडाळचं स्थळ आलं. मुलगा मुंबईला कारकून होता आणि त्याच्या मामाचं कुडाळच्या बाजारात दुकान होतं. मुलगी पसंत पडली होती. सुपारी फोडायचा दिवसही धरला होता. आते त्या दिवसांत घराला चुना काढत होती आणि काढताना गाणं म्हणत होती. तिला गाता येतं हे मला तेव्हा कळलं.

मी बाजाराच्या दिवशी पिंगुळीला घरी निघालो होतो. कुडाळात मामांनी मला दुकानात हाक मारली. आमची जुनी ओळख. त्यांनी चहा मागवला, मुलीबद्दल विचारलं. मी म्हणालो, मुलगी उत्तम. मग ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही शेजारी राहता म्हणून विचारतो. आत्याचा नवरा कैदी होता म्हणतात. खरं काय?"

तो कंपाउंडर होता हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. तेवढं एक वाक्य सांगायचं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही."

आणि हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मामांनी चहा न पिता आपली कपबशी बाजूला ठेवली.

आठ दिवसांत नकार आला. कारण लिहिलं नव्हतं. पण मामांनी विचारलं कोणाला आणि कोण काय म्हणालं, हे कुडाळहून मालवणपर्यंत यायला एस.टी.पेक्षा जास्त वेळ लागत नाही.

रविवारी सकाळी आते माझ्या दारात आली. हातात कोयता नव्हता. मी उठून उभा राहिलो. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. तिथेच अंगणात, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर बसली.

"मास्तर, कुडाळात तुमी बोललात तां खरां," ती म्हणाली. "तुमी बघूक नाय. मी बघलंय. आता बसा, मी सांगतंय."

मी पायरीवर बसलो.

तिचा नवरा कैदी नव्हता. कैदी होता तिचा सासरा. शेताच्या बांधावरून त्याने सख्ख्या चुलतभावाला मारलं होतं आणि बेड्या घालून त्याला बोटीत चढवलं होतं. शिक्षा भोगून त्याने तिथेच जमीन घेतली आणि आपल्यासारख्याच शिक्षेवर आलेल्या एका बाईशी लग्न केलं. त्या दोघांचा मुलगा तिचा नवरा. आतेच्या बापाने हे सगळं माहीत असून मुलगी दिली. तिथे तसं चालायचं, कारण प्रत्येकाच्या घरात असा एखादा म्हातारा होता आणि तो संध्याकाळी नातवंडांना खेळवायचा.

"म्हणजे गाव अर्धां खरां बोलता," आते म्हणाली. "मी नाय म्हटलां असतां तर खोटां झालां असतां. हो म्हटलां असतां तर सुलूचां नशीब फुटलां असतां. म्हणान मी इतकी वर्षां तोंड शिवून बसलंय. माका बोलूक येत नाय म्हणान नाय."

मग तिने जपान्यांचं सांगितलं. ते उतरले तेव्हा बेटावरच्या पुष्कळांना आधी बरंच वाटलं, गोरे गेले म्हणून. पुढे धान्य संपलं. कंदमुळं आणि रताळी यांच्यावर माणसं जगली, आणि तीसुद्धा मोजून मिळायची. मग हेर शोधायला सुरुवात झाली. इस्पितळातल्या रात्रपाळीसाठी तिच्या नवऱ्याकडे एक बॅटरी होती. त्या बॅटरीने तो समुद्रात खुणा करतो असं कोणीतरी सांगितलं. सांगणारा शेजारचाच. त्याने काहीही बघितलं नव्हतं. त्यालाही मार पडत होता आणि कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय मार थांबणार नव्हता.

"तेणां मार चुकवूक नाव घेतल्यान," ती म्हणाली. "तेचो माका राग नाय. तुमका कोण मारी होतो?"

तिला उत्तर नको होतंच. नवऱ्याला धरून नेल्यावर तीन दिवसांनी इस्पितळाचा झाडूवाला घरी येऊन त्याचे बूट देऊन गेला, एवढंच तिने पुढे सांगितलं. मी तिच्या पायांकडे बघितलं. आम्ही वर्गात त्या बुटांना हसत होतो, मीही.

मी क्षमा मागितली. ती उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि म्हणाली, "माका कित्याक इचारतास? नुकसान माजां झालां नाय. सुलूक इचारा." आणि गेली. सुलूला विचारायची मला हिंमत झाली नाही. ती पाण्याला निघाली की मी खोलीतून बाहेर पडत नसे.

पुढच्या बाजाराला मी कुडाळला जाऊन मामांना भेटलो. आत्याचा नवरा कंपाउंडर होता, इस्पितळात नोकरीला होता, जपान्यांच्या हातून निरपराध मेला, असं सांगितलं. सासऱ्याचं सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग त्या दिवशी का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं.

सुलू मिरजेला नर्सिंग शिकायला गेली. हा आतेचा निर्णय. भावाने मुंबईहून येऊन आरडाओरडा केला, मुलगी नर्स झाली तर आता कोण करणार म्हणून. आते त्याला म्हणाली होती की आधी तरी कोण करत होता.

मागे आते एकटी राहिली आणि गावाला चेव आला. कैद्याची बायको म्हणून स्थळ मोडलं, म्हणजे ती कैद्याची बायको हे सिद्धच झालं, असा गावाचा न्याय. लग्नाच्या पंगतीत तिचं पान शेवटी आणि कडेला मांडत. एकदा कोणीतरी दिवसाढवळ्या तिची पपईची तीन झाडं मुळापासून तोडून टाकली. ओटीची खिडकी मी आता उघडी ठेवत असे; तिच्यातून मी बघितलं होतं, तोडणारा कोण तेही. या वेळी मी देवळात चार माणसांत नाव घेऊन सांगितलं. त्याचा उपयोग एवढाच झाला की गाव माझ्याशीही बोलेनासं झालं. आतेला हे कळलं असणार. ती माझ्याशी बोलली नाही ती नाहीच.

सुलूचं शिक्षण संपत आलं त्या सुमारास आते गडग्याशी आली. वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं. अंदमानच्या सरकारी इस्पितळात नर्स हव्या होत्या. गावात इंग्रजी अर्ज लिहू शकणारे दोघेच, हेडमास्तर आणि मी, आणि हेडमास्तर रजेवर होते. "तुमचे उपकार नकोत," ती म्हणाली. "पण अक्षर बरां आसा तुमचां."

खिडकीतच टेबल लावून मी लिहायला बसलो. ती बाहेर उभी राहून सांगत होती. सुलूचं शिक्षण, वय, गाव झालं. मग म्हणाली, लिहा, या मुलीची आत्या तिच्याबरोबर येईल, तिला तिथली भाषा येते, तिथली हवा सोसते आणि तिचा नवरा याच इस्पितळात इतकी वर्षं नोकरीला होता. मी म्हणालो, एवढं अर्जात लागत नाही. "तेंका लागत नसात," ती म्हणाली. मी लिहिलं. पूर्ण झाल्यावर तिने वाचून दाखवायला सांगितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तरी नवऱ्याचं नाव येईपर्यंत ती मान खाली घालून ऐकत होती, आणि ते आलं तेव्हा म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं.

जाताना थांबली. तो धडा अजून पुस्तकात आहे का, विचारलं. मी म्हणालो, आहे, तुम्हीच येऊन शिकवा एकदा. ती नको म्हणाली. "तुमीच शिकवा. फकत तो रानटी शबद तेवढो काढा." मी तिच्या देखत पुस्तक उघडून त्या शब्दावर शाईची रेघ मारली. तिने वाकून रेघ नीट बसली का बघितलं.

दिवाळीनंतर त्या दोघी गेल्या. इथून एस.टी.ने कोल्हापूर, पुढे आगगाडीने मद्रास आणि तिथून बोट. पोचवायला मी एकटा होतो. ट्रंक टपावर चढवली. सुलू माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरकलो. तेव्हाच, गाडीचा आवाज चालू असताना, मी तिला म्हणालो की कुडाळला माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, माहीत आहे सर. आते खिडकीशी बसली होती. ती समोर बघत होती, आणि गाडी हलली तरी समोरच बघत राहिली.

परस भावाने विकलं. नव्या मालकाने गडगा उंच केला.

वर्षभराने सुलूचं पत्र आलं. इस्पितळ, पाऊस, बंगालहून आलेल्या निर्वासितांच्या नव्या वसाहती, असं बरंच लिहिलं होतं. शेवटी आतेचं. बोट धक्क्याला लागली तेव्हा आते कोणासाठी थांबली नाही, चालत सुटली, आणि चढावर एका घरापुढे बाकावर दोन-तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. घर तिचं नव्हतं. तिचं घर राहिलंच नव्हतं. एका म्हातारीने डोळे बारीक करून हिंदुस्थानीत विचारलं, तू कोणाची?

आतेने बापाचं नाव सांगितलं नाही, नवऱ्याचंही नाही. सासऱ्याचं सांगितलं, मोठ्याने. सगळ्या चढाला ऐकू गेलं असेल, सुलूने लिहिलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात हे नाव तिने एकदाही ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या सरकल्या आणि त्यांनी तिला बाकावर जागा करून दिली.

ते नाव काय होतं, हे सुलूने पत्रात लिहिलं नव्हतं.